जुन्या कपड्यांचा भाव का चढला? बोरिवलीच्या बोहारणीपासून आठवडे बाजारापर्यंतचा हिशेब

आठवडे बाजारात भाजीच्या रांगा संपल्या की कडेला ताडपत्री अंथरलेली दिसते. तिच्यावर शर्ट, पँटी, टीशर्ट, लहान मुलांचे फ्रॉक, साड्या यांचा ढीग. शेतावर, वीटभट्टीवर, गवंडीकामावर जाणारा माणूस या ढिगातून दोन पँटी काढतो आणि त्याचं सहा महिन्यांचं भागतं. पण हल्ली ढिगापाशी घासाघीस वाढली आहे. जो शर्ट कधी काळी सुट्ट्या पैशांत यायचा त्याला आता नोट मोडावी लागते. "जुन्याला एवढे? मग नवाच घेऊ की," असं गिऱ्हाईक म्हणतं. "मालच महाग पडतो," असं विक्रेता म्हणतो.

खोटं दोघंही बोलत नाहीत. माल खरोखरच महाग पडतो. त्याचं कारण मात्र बाजारात सापडत नाही, ते मुंबईच्या उपनगरात शोधावं लागतं. बोरिवली, अंधेरी, मुलुंड, घाटकोपरच्या इमारतींत जिथे हा कपडा पहिल्यांदा 'जुना' ठरतो, तिथेच या भावाचं मूळ आहे.

डबा देऊन कपडा

इंग्लंडमध्ये जुन्या वस्तूंची धर्मादाय दुकानं गल्लोगल्ली आहेत. लोक कपडे फुकट देतात, दुकान ते विकतं आणि पैसा संस्थेच्या कामाला जातो. आपल्याकडे ही पद्धत फारशी रुजली नाही. कारण उघड आहे. आपल्याकडे जुना कपडा फुकट जातच नव्हता, त्याच्या बदल्यात भांडं मिळायचं. ते भांडं घेऊन दारात यायची ती बोहारीण. कोणी तिला भांडीवालीही म्हणतं.

मुंबईत हा धंदा करणारी बरीच कुटुंबं मूळची गुजरातची, देवीपूजक समाजाची आहेत. धंदा मुख्यतः बायकांच्या हातात. डोक्यावर टोपली, टोपलीत स्टीलचे डबे, पातेली, परात, वर प्लास्टिकच्या बादल्या आणि काखेत गाठोडं. लोकलच्या लगेज डब्यातून उतरायचं, दुपारी घरातली कामं आवरल्याच्या वेळेला इमारतीत शिरायचं आणि मजल्यामजल्यावर आवाज द्यायचा. मग दारात बैठक बसते. "वहिनी, ह्याच्यात काय परवडतं? अजून एक पँट टाका." वहिनी आतून एक जुनी चादर आणतात. बोहारीण चादर बाजूला सारते. शेवटी चार पँटी, दोन शर्ट आणि एक काठाची साडी यांवर झाकणाचा डबा ठरतो. उपनगरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांतले डबे असेच आलेले आहेत.

या घासाघिशीत बोहारीण कपड्यावरून जो हात फिरवते त्यात सगळं शास्त्र आहे. पँटीची शिवण आणि चेन, शर्टाची कॉलर आणि काख, साडीचा काठ, कापड सुती की पॉलिस्टर. पुरुषांच्या पँटींना मागणी चांगली, कारण मजुरीला जाणारा माणूस जाड, टिकाऊ पँट शोधतो. सुती पांढरं कापड फाटकं असलं तरी चालतं, कारण गॅरेज, कारखाने आणि छापखान्यांत पुसायला तेच लागतं आणि ते किलोवर विकलं जातं. पॉलिस्टर पुसायला सुतीसारखं चालत नाही, म्हणून त्याच्या चिंधीला किंमत कमी.

गाठोडं घेऊन ती परतते आणि पुढे मालाचे वाटे पडतात. चांगला, दुरुस्तीचा, चिंधीचा. दुरुस्तीचा माल धुतला जातो, बटणं लागतात, रफू होतं, इस्त्री होते, विटलेल्या जीन्सला रंग चढतो. मग तो पदपथावर, वस्त्यांतल्या बाजारांत जातो. त्यातलाच काही लोकल आणि टेम्पोतून शहराबाहेर पडतो. विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत २०१३ पासून लोकल धावते. दुसऱ्या बाजूला मुलुंड-घाटकोपरची मध्य रेल्वे कसारा आणि कर्जतपर्यंत जाते. मुंबईचा उतरलेला कपडा आणि ग्रामीण तालुके यांच्यामध्ये फक्त एक तिकीट आहे.

गाठोड्यातला चांगला कपडा आधीच जातो

भाववाढीचं पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे चांगला कपडा आता गाठोड्यात येतच नाही.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी बसलेल्या शहरी तरुणांनी मोबाईलवर जुने कपडे विकायला सुरुवात केली. इन्स्टाग्रामवर 'थ्रिफ्ट' नावाने शेकडो छोटी दुकानं उघडली. ब्रँडेड जीन्स, जॅकेट, एकदाच नेसलेली साडी यांचे फोटो काढायचे, किंमत टाकायची आणि कुरिअरने पाठवायची. वापरलेला कपडा घालण्यात त्या वयाच्या मुलांना कमीपणा वाटत नाही, उलट मिरवावंसं वाटतं. पर्यावरणासाठी ही गोष्ट चांगलीच आहे. पण याचा अर्थ असा की कपाट आवरताना घरातली मुलगी पहिले पाच कपडे बाजूला काढते आणि उरलेले बोहारणीपुढे येतात.

याचा भावावर परिणाम कसा होतो ते हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत.

समजा एका घरातून २० कपडे निघाले आणि त्यांच्या बदल्यात बोहारणीने ६०० रुपयांची भांडी दिली. वीसपैकी ५ फाटके निघाले, १५ विकण्याजोगे. म्हणजे एक कपडा ४० रुपयांना पडला. आता त्यातले सगळ्यात चांगले ५ घरातच बाजूला गेले. उरले १५, त्यातले ५ फाटके, विकण्याजोगे फक्त १०. घरमालकीण मात्र म्हणते, एवढं मोठं गाठोडं आहे, डबा तोच हवा. आता तोच कपडा ६० रुपयांना पडला. त्यावर धुलाई, दुरुस्ती, गाडीभाडं आणि मधल्या दोन-तीन हातांचा नफा.

खरी गंमत पुढे आहे. पूर्वी त्या पाच चांगल्या कपड्यांतली एखादी जीन्स दीडशे-दोनशेला जायची. तिथे कमाई झाली की बाकीचा माल विक्रेता वीस-पंचवीसला सोडून द्यायचा. म्हणजे चांगल्या कपड्याचं गिऱ्हाईक नकळत साध्या कपड्याच्या गिऱ्हाइकाचा भार उचलत होतं. ती जीन्स मोबाईलवरून गेली आणि हा आधार तुटला. आता साध्या कपड्यालाच स्वतःचा सगळा खर्च काढावा लागतो. आठवडे बाजारात भाव चढला तो यामुळे. कपडा सुधारला म्हणून चढलेला नाही. उलट ढीग पहिल्यापेक्षा हलका झालाय.

इंग्लंडमध्येही हीच रडकथा आहे. तिथे धर्मादाय दुकानं दहा हजारांहून जास्त. ऑक्सफॅम या संस्थेने ऑक्सफर्ड शहरात पहिलं दुकान काढलं ते १९४० च्या दशकाच्या शेवटी. गरिबाला स्वस्तात कोट मिळावा आणि संस्थेला पैसा, असा दुहेरी फायदा. आता लोक चांगला कपडा आधी 'विंटेड'सारख्या ॲपवर विकतात आणि दुकानाला गाळ देतात. दुकानंही शहाणी झाली. हाती आलेला चांगला माल ती वेगळा काढून चढ्या भावाने विकतात. भाडं, वीज, पगार वाढलेत हे त्यांचं म्हणणं खरं आहे. पण गरिबाच्या नावाने गोळा केलेला कोट गरिबालाच परवडेना, ही तिथल्या लोकांची तक्रारही खरीच आहे.

फाटकावरचा रखवालदार

दुसरं कारण इमारतीच्या फाटकावर उभं आहे. उपनगरातल्या जुन्या तीन-चार मजली सोसायट्या पाडून तिथे टॉवर उभे राहिले. जुन्या इमारतीत बोहारीण थेट जिन्याने वर जायची. टॉवरला रखवालदार, कॅमेरा आणि मोबाईलवर परवानगी मागणारं ॲप. पार्सलवाल्याला आत सोडतात, बोहारणीला नाही. फेरीवाल्यांना प्रवेश नाही ही पाटी तिच्यासाठीच असते.

२०१४ च्या पथविक्रेता कायद्यात फिरत्या विक्रेत्यांनाही जागा आहे. पण तो कायदा रस्त्यावरचा, सोसायटीच्या आतला नाही. आणि हा धंदा घरात, दारात बसूनच होतो. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि लस घेतलेल्या सर्वसामान्य प्रवाशांना ती पूर्णवेळ मिळाली १५ ऑगस्ट २०२१ ला. मधला जवळजवळ दीड वर्षाचा काळ या बायकांनी कसा काढला असेल, याचा विचारच करावा. त्यात परक्याच्या कपड्याला हात लावायची लोकांना भीती. त्या काळात तुटलेली दारं सगळीच पुन्हा जोडली गेलेली नाहीत.

दारं कमी झाली म्हणजे एका दिवसात फिरून गोळा होणारा माल कमी. रेल्वेचा पास तोच, पायपीट तीच, गाठोडं लहान. हा खर्चही शेवटी कपड्यावरच बसतो.

नवा कपडा टिकत नाही

तिसरं कारण कापडात आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिवलेली टेरिकॉटची पँट पहिल्या मालकाकडे पाच वर्षं आणि दुसऱ्याकडे तीन वर्षं निघायची. आता हजाराच्या आत फॅशन देणारी दुकानं छोट्या शहरांपर्यंत आली आहेत. कपडे भरपूर घेतले जातात, पण पातळ असतात. आठ-दहा धुण्यांत गोळे येतात, गळा सैल पडतो. असा कपडा जुना होतो तेव्हा त्यात दुसऱ्या माणसासाठी काही उरलेलं नसतं. कपाटं भरलेली असूनही पुनर्विक्रीजोगा माल कमी निघतो तो असा.

दुसरीकडे नव्या कपड्यांनी जुन्याला वरून दाबलंही आहे. सुरतची नवीकोरी साधी साडी दोनशे-तीनशे रुपयांत मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर जीएसटी ५ टक्के आहे. आधी ही सवलत १,००० रुपयांपर्यंतच होती. त्यामुळे जुन्या कपड्याचा भाव एका मर्यादेपुढे जाऊ शकत नाही, गिऱ्हाईक उठून जातं. खरेदी महागली आणि विक्रीला टोपण बसलं. या कात्रीत सापडलाय तो ताडपत्रीवरचा विक्रेता आणि त्याच्यामागची बोहारीण. स्टीलच्या भांड्यांवरचा कर त्याच दिवशी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेवढाच काय तो तिला दिलासा.

परदेशातून जुने कपडे मागवून ही तूट भरता येईल का? सरळ मार्गाने नाही. वापरलेले तयार कपडे आयात करायला केंद्र सरकारचा परवाना लागतो. मोकळेपणाने येऊ शकतात त्या फक्त कापून निकामी केलेल्या चिंध्या. देशातल्या कापड गिरण्या आणि शिलाई कामगार बुडू नयेत हा त्यामागचा हेतू. त्या चिंध्या हरियाणातल्या पानिपतला जातात, तिथे पिंजून पुन्हा सूत निघतं आणि ब्लँकेटं होतात. पूरग्रस्तांना वाटली जाणारी जाडीभरडी ब्लँकेटं बरीचशी याच घराण्यातली. रस्त्याकडेला 'इम्पोर्टेड' म्हणून विकला जाणारा जुना माल कोणत्या वाटेने आला, हे विकणाराही सहसा सांगत नाही.

साडीचं प्रकरण वेगळं

सगळ्या जुन्या कपड्यांत साडीचा हिशेब निराळा आहे, आणि गावाकडच्या घरांचं नुकसान इथेच सगळ्यात जास्त होतं.

जुन्या पैठण्या, शालू, नऊवारी लुगडी यांच्या काठापदरात खरी जर असायची. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर चांदीची तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा. अशी साडी जाळून चांदी काढणारे लोक आहेत, म्हणूनच "जुनी जर, जुनी साडी" अशी हाळी अजून ऐकू येते. २०२५ मध्ये चांदीने किलोला १ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. तरीही कितीतरी घरांत आजीचं लुगडं एका पातेल्यावर जातं. अलीकडच्या बहुतेक साड्यांत तांब्याची किंवा प्लास्टिकची जर असते, तिला धातूचा भाव नाही. फरक डोळ्यांनी कळत नाही. म्हणून पेटीतली जुनी जरीची साडी दारावर देण्याआधी काठाचा एक धागा ओळखीच्या सोनाराला दाखवावा. दोन सोनारांना दाखवला तर अजून बरं.

जर नसली तरी रेशमी आणि हातमागाच्या जुन्या साड्यांना शहरात नवं गिऱ्हाईक आलंय. त्यांचे कुर्ते, जॅकेट, पिशव्या, उशांचे अभ्रे शिवले जातात आणि चांगल्या दुकानांत टांगले जातात. गोधडीचं तेच झालं. घरातल्या फाटक्या लुगड्यांची हातशिलाईची गोधडी किंवा वाकळ ही गरिबीची खूण मानली जायची. आज ती शहरातल्या प्रदर्शनांत हस्तकला म्हणून मांडली जाते. बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरत आलंय. गोधडी शिवणाऱ्या गटाने जुन्या सुती साड्या फेरीवाल्याला देण्याआधी स्वतःच्या कामाला किती लागतील हे मोजलेलं बरं. नाहीतर आज पातेल्यावर दिलेला माल उद्या दाम मोजून परत आणावा लागेल.

कपाट, खुर्ची, मोबाईल

कपड्यांपेक्षा वस्तूंमध्ये चित्र जरा बरं आहे. उपनगरात पुनर्विकासासाठी इमारती रिकाम्या होतात तेव्हा घरंच्या घरं सामान बाहेर काढतात. अंधेरीला लागून जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा जुन्या फर्निचरचा बाजार प्रसिद्ध आहे. पण तिथेही साग आणि शिसवीच्या वस्तूंना आता 'अँटिक'चा भाव लागतो, कारण चित्रपट-मालिकांचे सेट आणि हॉटेलं सजवणारे लोक गिऱ्हाईक झालेत. लाकडाच्या भुशाचं फर्निचर मात्र स्वस्तात मिळतं. ते स्वस्तातसुद्धा घेऊ नये. टेम्पोतून गावी येईपर्यंत त्याचे कोपरे फुगतात आणि पहिल्या पावसात बाकीचं होतं. लोखंडी कपाट, स्टीलची मांडणी आणि जुनं शिलाई मशीन यांचे पैसे वसूल होतात.

जुन्या मोबाईलबाबत एकच गोष्ट, पण ती न चुकता करावी. विकत घेण्याआधी फोनवर *#०६# दाबून त्याचा आयएमईआय क्रमांक काढावा. मग इंग्रजी अक्षरांत केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक १४४२२ वर एसएमएस करावा. केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही ही तपासणी होते. फोन काळ्या यादीत निघाला तर व्यवहार तिथेच थांबवावा, मग तो शेजारच्या गावातला ओळखीचा माणूस विकत असो की मुंबईचा दुकानदार. चोरीचा फोन घेतला तर पैसे जातात आणि पोलीस ठाण्याची फेरी वाट्याला येते.

फुकटच्या वाटा

विकत घेणं परवडत नाही त्यांच्यासाठी काही सोयी आहेत. कोल्हापूरसह राज्यातल्या अनेक शहरांत 'माणुसकीची भिंत' उभी राहिली. नको ते कपडे लोक तिथे ठेवतात, गरजू घेऊन जातात. कल्पना चांगली, पण जिथे माल निवडायला रोज माणूस नसतो तिथे आठवड्याभरात फाटक्या कपड्यांचा उकिरडा होतो. देणाऱ्यालाही सांगायला हवं की स्वतःच्या पाहुण्याला देता येणार नाही तो कपडा भिंतीवरही ठेवू नये.

'गूंज' या संस्थेने वेगळी रीत घातली. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये ती सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांतून गोळा केलेले कपडे इथे विकत नाहीत आणि नुसते वाटतही नाहीत. गावाने आपली एखादी अडचण निवडायची, विहीर उपसायची, बंधारा घालायचा, रस्ता नीट करायचा, आणि त्या श्रमाच्या बदल्यात कपड्यांचा संच घ्यायचा. घेणाऱ्याची मान खाली जात नाही, ही त्यातली मोठी गोष्ट. बोहारणीच्या धंद्यातही हेच होतं म्हणा. भांडं घेऊन कपडा देणाऱ्या बाईने कधी उपकार केल्याचा आव आणला नाही.

मुंबईत नातेवाईक असणाऱ्या घरांना अजून एक रस्ता मोकळा आहे. दिवाळी-गणपतीला गावी येताना पिशव्या भरून कपडे येतात, पण मापाचे नसतात आणि पडून राहतात. कोणाला कुठलं माप लागतं हे आधीच फोनवर कळवलं तर मुंबईतली बाई कपाट आवरताना तेवढं बाजूला ठेवते.

ढिगातून घेताना

आधी उजेडात धरून बघावं. पँटीची बैठक आणि मांडीची आतली बाजू विरली असेल तर आरपार दिसतं. शर्टाची काख आणि कॉलरची घडी तपासावी. चेन दोनदा वर-खाली करावी. गुडघ्याला ठिगळ चालतं, शिवण उसवलेली चालते, पण विरलेलं कापड चालत नाही, कारण त्यावर टाका धरत नाही. घरी आणल्यावर गरम पाण्यात साबण घालून भिजवावं आणि कडक उन्हात उलटं करून वाळवावं. लहान मुलांचे कपडे तर धुतल्याशिवाय घालूच नयेत.

आणि वेळ साधावी. मुंबईत कपाटं सगळ्यात जास्त आवरली जातात ती दिवाळीच्या आधी, त्यामुळे तो माल धुऊन, निवडून बाजारात यायला पुढचे काही आठवडे लागतात. त्या दिवसांत ढीग मोठा असतो आणि विक्रेताही घासाघिशीला तयार असतो. शाळेच्या तोंडावर, जूनमध्ये, मुलांच्या पँटी-शर्टांसाठी झुंबड उडते. ते कपडे दिवाळीनंतरच्या ढिगातूनच, एक माप मोठे बघून, उचलून ठेवलेले परवडतात.